हयात असल्याची अडचण

भाऊ : साहेब, ताईचं गाणं आपण तीनदा ऐकलंत आणि तिन्ही वेळा मान डोलावलीत. मग अडलं कुठं?

निवड अधिकारी : मान माझी आहे, रेडिओ मालकांचा. गाणं उत्तमच आहे हो. राहिलंय ते फक्त 'प्रोत्साहन'.

भाऊ : प्रोत्साहन गाणाऱ्याला द्यायचं असतं, अशी माझी समजूत होती. इथं ते गाणाऱ्याकडून घेतात?

अधिकारी : चाळीस हजार. आठवडाभर, रोज तीनदा. पुढं ते 'श्रोत्यांच्या आग्रहास्तव' लागतं.

भाऊ : आणि श्रोत्यांना आग्रहाची आठवण कोण करून देतं?

अधिकारी : तेही चाळीस हजारांतच आलं.

गायिका : अरे, वाद पुरे. साहेब, गुरुवारी माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत. त्याआधी एकदा, एकदाच रेडिओवर ऐकायचं होतं. पैसे सगळे तिकडे भरलेत.

अधिकारी : बाई, मला का कळत नाही? पण फुकट लावलं, तर पैसे भरणाऱ्यांवर अन्याय होईल.

भाऊ : केवढी ही न्यायाची चाड! आणि रोज सकाळी त्या बिल्डरच्या जावयाचं रेकणं लावता, ते? सुरांशी त्याचं सात पिढ्यांचं वैर आहे.

अधिकारी : त्यांनी वर्षाचं एकरकमी भरलंय. सूर काय, लागेल हळूहळू.

गायिका : बिनपैशाचं काहीच लागत नाही?

अधिकारी : लागतं ना! दुपारी चारला श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. दिवंगतांना शुल्क माफ आहे.

भाऊ : म्हणजे मेल्याशिवाय...

अधिकारी : असं तोडून नका बोलू. पण हयात माणूस त्यात बसत नाही. मागे एका तबलजींना चुकून घेतलं. त्यांनी आभाराचा फोन केला, आणि मला मेमो मिळाला.

भाऊ : मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होतो. आपण मढ्याला सवलत देता. ही प्रगतीच म्हणायची.

गायिका : थांब रे. साहेब, त्या अर्जात काय लिहायचं असतं?

अधिकारी : नाव, गाणं आणि... गेल्याची तारीख.

गायिका : माणूसच जायला हवा का? गुरुवारी मी उरेन, आवाज जाईल. नाव काय ते त्या आवाजाचंच झालं होतं. गुरुवारची तारीख घाला आणि बुधवारी लावा.

अधिकारी : (खालच्या आवाजात) बाई, श्रद्धांजली आधी वाहता येत नाही.

गायिका : बरं, मग शुक्रवारी लावा. अरे, दवाखान्यात रेडिओ नेऊ देतात का, तेवढं विचारून ठेव.