शेवटच्या जागेचा मान

निजामी अमलात मिशनच्या दवाखान्यासमोरील रांगेत दाढ सुजलेले व्यापारी महालिंगप्पा आणि तामलवाडीच्या गिरिजाबाई यांच्यात झालेला हा संवाद मी शब्दशः ऐकला.

“अप्पा, सगळ्यांच्या आधी येऊन शेवटी का बसलात?”

“मागल्या खेपेला पाद्र्यानं बायबलातलं वाचलं न्हाय का? मेजवानीत जो शेवटी बसतो, त्याला यजमान स्वतः उठवून पुढं नेतो.”

“मग नेलं का कुणी?”

“कंपाउंडरची नजर अजून पडली न्हाय, अक्का.”

“डॉक्टर बारा वाजता उठून घरी जातात. ही दाढ तशीच घरी न्याल.”

“थांबा जरा. ओ बाई, माझ्या मागं बसू नका, पुढं व्हा. शेवटची जागा माझी हाय.”

“सकाळपासनं ही अकरावी पुढं धाडलीत.”

“धाडणारच. नम्रतेत माझ्या बरोबरीचा ह्या तालुक्यात कुणी निघायचा न्हाय.”