चष्म्यातलं दुकान

(वाशीममधल्या एका दवाखान्याचा व्हरांडा. आतल्या खोलीत भागिरथाबाईंच्या स्मरणशक्तीची तपासणी नुकतीच आटोपली आहे. सोबत मुलगा विनोद आणि नात धम्मदीपा.)

विनोद : पाच वस्तू, माय! फक्त पाच! एक तरी उचलली का तू?

भागिरथा : वरडू नको. लोकं पाहून राह्यले.

विनोद : पाहू दे! तुह्या वयाच्या बायांनी दोन-तीन तरी टोपल्यात टाकल्या. तू तो चष्मा लावून नुसती उभी, हात मागं घेऊन! बस झालं आता. शेलूबाजारच्या घराले कुलूप. चाबी माह्या खिशात राहीन न तू माह्यासंगं, इथं वाशीमले.

भागिरथा : कुलूप लावणारा तू कोण बे? तुह्या बापानं न म्या बांधलं ते घर!

धम्मदीपा : बाबा, आवाज कमी करा आधी. आजी, सकाळी तुलनेसाठी आम्ही कॉलेजच्या पोरींनी पण हीच तपासणी दिली. चष्म्यात दुकान दिसतं, हातातल्या रिमोटनं सामान उचलायचं. रिमोट जमला नाही का तुला?

भागिरथा : जमला नं. आंधी तपासणाऱ्या बाईनं चेंडू उचलाले लावला, तो उचलला म्या.

धम्मदीपा : मग काय घ्यायचं ते विसरलीस?

भागिरथा : साबण, गूळ, काडीपेटी, चहापत्ती, खोबरेल. विसराले काय धाड भरली मले?

विनोद : मंग काहून नाही उचललं? माही फजिती कराले?

भागिरथा : दुकानदार कुठी होता तिथं? कोणाले मागू? त्याचीच वाट पाहून राह्यली होती मी.

विनोद : मागाचं कायले? मांडलेलं घ्याचं! मॉलसारखं हाये ते, माय!

भागिरथा : तुह्यासाठी असन मॉल! मी लहान होती तवा माह्या मायचा हात गुळाच्या ढेपीले लागला. ढेप बाटली म्हणे! सेठनं तराजूची दांडी हाणली तिच्या हातावर, साऱ्या गावासमोर. बौद्ध झालो होतो आमी, पण सेठले कोण सांगे? तवापासून दुकानात गेलं का हात मागं. वरतून पदरात पडीन तेच आपलं. तुले शिकोलं का म्या हे? तुले म्हटलं, जा, हात लाव, पारखून घे! आन तू आज मले येडी ठरवून राह्यला?

विनोद : माय... तू कधी बोलली नाही हे.

भागिरथा : बोलली असती तं दुकानात तुहा हात पुढं झाला असता का?

धम्मदीपा : शून्य लिहिलंय त्यांनी आजीच्या नावापुढे. मी भांडणार आहे आत जाऊन. आणि बाबा, तुम्ही तर त्यांच्याआधीच कुलूप लावायला निघालात!

विनोद : चुकलं माह्यं. घे माय, चाबी. संध्याकाळी घरी सोडून देतो तुले.

भागिरथा : आण इकडं. पण थांब, आंधी तो चष्मा पुन्हा लावा म्हणा मले. आता त्या दुकानदाराच्या नाकावर टिच्चून उचलतो पाचही.

धम्मदीपा : आजी, त्यात दुकानदार नाहीच गं. बनवलाच नाही त्यांनी.

भागिरथा : नाहीच?

धम्मदीपा : नाही.

भागिरथा : मंग एवढा वेळ मी कोणाले भेऊन उभी होती, बाई?