दत्ताकाकांच्या गाडीचा पाइप गार आहे

मंडळी, ज्या सकाळी दत्ताकाकांनी माझा हात धरून गाडीच्या पाइपावर ठेवला, त्या सकाळी माझं सगळं बदललं. तिथूनच सुरुवात करतो. दुसरं काही सुचत नाहीये. काका गेल्यापासूनच्या धावपळीत आवाज बसलाय, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे आलात. परळची माणसं, लालबागची माणसं. यातल्या कितीजणांना काकांनी त्या गाडीतून दवाखान्यात नेलंय? हात वर करू नका. मला माहीत आहे. काकी, तुम्हालाही माहीत आहे.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, शिवडीच्या गॅरेजात लागलेला. डोकं तापट. त्या सकाळी माहीमला निघालो होतो, एकाला मारायला. एका मुलीने मला नाही म्हटलं होतं आणि त्याला हो. नाव घेत नाही. जीव अजून तुटतो, पण नाव घेत नाही.

काका चाळीच्या गेटवर आडवे आले. खंय चल्लंस, म्हणाले. मी सांगून टाकलं. तर म्हणाले, बरां, जा. पण आधी माझी गाडी बघून जा. इंजिनाचा दिवा लागलाय आणि पुलावर चढताना दम टाकते.

मी रागारागात बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन सुरूसुद्धा केलेलं नव्हतं. आणि स्क्रीनवर धुराचं तापमान सातशे अंशांच्या वर. बंद गाडीत! मी म्हणालो, काका, इंजिन गेलं, मला जाऊ द्या. तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि पाइपावर ठेवला.

"मीटर सांगता आग लागली हा. तुझो हात काय सांगता?"

"गार आहे."

"मगे कोणाचा ऐकतलंस?"

मी वाकलो. वायर धरून शोधत गेलो. धूर किती तापलाय ते सांगणारा एक सेन्सर त्या पाइपात असतो. त्याची वायर ओढली जाऊन पाइपाला टेकलेली, जळलेली. कशाने ओढली? दसऱ्याच्या तोरणाच्या दोऱ्याने. काकांनीच बांधलेलं तोरण. झेंडू कधीच गळून गेलेला, दोरा तसाच. सेन्सर खोटं सांगत होता, आणि गाडी ते खरं मानून, जळू नये म्हणून स्वतःच ताकद कमी करत होती.

काका हसले. चाळीत बोलू नकोस, म्हणाले, तुझी काकी वर्षभर ऐकवेल. काकी, आज बोललो.

तोवर दुपार झाली होती. माहीमला मी गेलोच नाही. पुढेही नाही.

नवा सेन्सर यायचा होता. काका तोवर थांबले नाहीत, गेले.

नितीनदादा, तू त्यांचा मुलगा, गाडी आता तुझी. मोठ्या गॅरेजवाल्याने नुसता स्क्रीन बघून इंजिन गेलं म्हणून सांगितलंय, उद्या भंगारवाला येतोय. आधीचा मी असतो तर भांडलो असतो. आता दमलोय रे. एवढंच मागतो. काका गेल्यापासून त्या गाडीचं इंजिन कोणी सुरू केलेलं नाही. खाली ये. पाइपाला हात लाव. मग स्क्रीन बघ. मग ठरव.

सेन्सर काल आला. माझ्या खिशात आहे.

मंडळी, आता काकांसाठी दोन मिनिटं उभे राहूया. तुम्ही डोळे मिटा. मी खाली गाडीपाशी जातो. बोनेटचा आवाज आत यायला नको, म्हणून दार ओढून घेतो.

काका, येतो.