मिझोबेला कुठल्या हेडखाली टाकायचं?

...आणि वर विचारतात काय, तर ‘कुठल्या हेडखाली टाकायचं?’ अहो, कुठल्याही टाका! चहापाण्याच्या टाका, झाडू-फडक्याच्या टाका! पण नाही. तुम्हाला सांगतो, आमच्या मिझोबेचा जीव गेला तो या एका प्रश्नापायी.

मिझोबे माझा मित्र, इथला, सेंदाईचाच. आमच्या जपानात सम्राट बदलला की सन पुन्हा एकपासून सुरू, तर कुठल्या सम्राटाचं कितवं साल म्हणजे जगाचं कोणतं, हे सांगणारा प्रोग्राम त्यानं लिहिला. एवढासाच! पण दवाखान्याची फाइल घ्या, विम्याचा कागद घ्या, सगळीकडे तोच. आणि फुकट! कुणीही उघडा, वापरा, बदला. मागे सम्राट बदलले तेव्हा आठ दिवस यानं अंथरुणाला पाठ लावली नाही, आणि कंपन्यांचे निरोपावर निरोप, ‘अत्यंत तातडीचं, कृपया...’ कृपया! आणि पोट कशावर? तर रात्रपाळीला जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात, भातावर एकेक खारवलेला आलुबुखार ठेवायचा.

डॉक्टर म्हणाले, “मिझोबे-सान, हार्ट थकलंय. दोन्हीतलं एक सोडा.” आता डबे सोडले तर खायचं काय, आणि प्रोग्राम सोडला तर दवाखान्यातली पोरं जन्मायच्या आधीच साठीची व्हायची! मी म्हटलं, चल, मागू या. भीक नाही, वर्गणी. तुझा प्रोग्राम वापरणाऱ्या अकरा कंपन्या आहेत इथे, त्यांनी थोडं थोडं दिलं तरी तुझा कारखाना सुटतो.

गेलो एका विमा कंपनीत. खरेदी विभागाचे ओदागिरी-सान. इतका नम्र माणूस, की कमरेत वाकला तो वर यायची वाट बघावी लागली. चहा दिला. “तुमच्या प्रोग्रामशिवाय आमचं पान हलत नाही हो!” मी म्हटलं, मग पैशाचं? तर त्यांनी दातांतून हवा आत ओढली... स्स्स्स... संपलं! आमच्याकडे ‘नाही’ कुणी म्हणत नाही, हवा ओढतात. “अवघड आहे. वस्तू फुकट, मग बिल कशाचं? कुठल्या हेडखाली टाकायचं?” देणगी? “ती पूरग्रस्तांना.” बरं, देखभालीचा करार? “उत्तम! तीन जणांची कोटेशनं आणा.” तीन जणांची! अहो, लिहिणारा एक, दुरुस्त करणारा एक, आणि तो हा समोर बसलाय, ओठ निळे पडलेत त्याचे! आणि जिना उतरताना मिझोबे मलाच म्हणतो, “त्यांचंही बरोबर आहे रे.” डोकंच फिरलं माझं! अकराच्या अकरा कंपन्या फिरलो. अकरा चहा, अकरा स्स्स्स.

थंडीत गेला. कारखान्यातच, डबे भरता भरता. त्रेपन्न वर्षांचा. मला धड रडूही आलं नाही, इतका राग आला होता.

अंत्यविधीला त्याच्या बहिणीच्या, चिहारुच्या वतीनं मी दारात टेबल मांडून बसलो, रीतीप्रमाणे लोक आणतात ती पैशांची पाकिटं घ्यायला. आणि बघतो तर काय, अकराच्या अकरा कंपन्या हजर! काळे सूट, काळे टाय, दोन्ही हातांत काळ्या-पांढऱ्या दोरीचं पाकीट. ओदागिरी-सान वाकले. पाकीट चांगलं जाड. मला राहवेना. विचारलं, “हे कुठल्या हेडखाली टाकलंत?”

“दुःखद प्रसंग,” ते हळूच म्हणाले. “त्याची दरवर्षी तरतूद असते.”

अहो, आम्ही मागितलं होतं त्याहून जास्त निघालं! वर्षभर त्याला कारखान्याचं तोंड बघावं लागलं नसतं! आणि रीतीप्रमाणे निम्म्याची परतभेट द्यायची, म्हणून चिहारुनं अकरा ठिकाणी चहाची पुडकी पाठवली. म्हणजे त्यांचा चहासुद्धा फिटला! वर आभाराचं कार्ड, त्यावर मृत्यूची तारीख, सम्राटांच्या सनात... छापखान्यानं कुठला प्रोग्राम वापरला, सांगू?

आता तो प्रोग्राम मी बघतो, शिकलो धडपडत. कुणीतरी बघायला हवा ना! परवा ओदागिरी-सानांचा फोन, तारीख चुकतेय. म्हटलं, करतो, पण पैशाचं? स्स्स्स... “नेमोतो-सान, कुठल्या हेडखाली...” मी म्हटलं, “माझी तरतूद आहे हो तुमच्याकडे. थोडी कळ काढा.”

तर तो नम्र माणूस गडबडून म्हणतो, “छे छे! त्याची मुळीच घाई नाही, अगदी सावकाश होऊ द्या! तारखेचं तेवढं आज संध्याकाळपर्यंत...”

दिलं करून. काय करता!