फडकं बांधलेलं मडकं

टेमघरला शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक काका-काकू उभे होते. काकांच्या हातात मडकं होतं, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. एका बाईंनी चपला काढून मडक्याला हात जोडले.

"कोण गेलं, दादा?"

"कोन न्हाय गेला. आत बॅटरी हाय, माझ्या विमानाची."

"विमानाची?" मी विचारलं.

"रिमोटवर उडतं ना, तसलं खेळणं. नातवाचं न्हाय हो, यांचंच," काकू म्हणाल्या.

"खेळणं न्हाय, मॉडेल हाय. खारबावला शेतात आपटलं आन् बॅटरी पुरीसारखी फुगली. लिथियमची असते ती. फुगल्यावर चार्ज करायची न्हाय, कधी पेटंल नेम न्हाय. म्हणून कोरड्या रेतीत ठेवून दुकानात परत न्यायची."

"आता शहाणपणा सांगतात. सकाळी सुई घेऊन टोचायला बसले होते, हवा काढायला."

"टोचली नाही ना?"

"मी हात धरला म्हणून."

"पण मग झाकण लावायचं, फडकं कशाला?"

"झाकण घट्ट बसलं तर धूर आत कोंडंल आन् मडकंच फुटंल."

"आणि मघापासून सगळे तुम्हाला पुढे सोडतायत, ते?"

"सोडतात, तर जातो."

"मी म्हटलं, लोकांना खरं सांगा. तर म्हणतात, कोणी विचारलंच न्हाय."

रिक्षा आली. रिक्षावाल्याने मडकं पाहून गाणं बंद केलं.

"काका, आधी तुम्ही बसा. ताई, तुम्ही त्यांच्या बाजूला."

"मी मागच्या रिक्षाने येते," मी म्हणाले. "अस्थी असत्या तर बसले असते."