अभेद्य

डोळ्यांच्या दवाखान्यात, ऑपरेशनला आलेले एक गृहस्थ सोबतच्या मेहुण्याला सांगत होते.

"अभेद्य म्हणजे काय, ते आमच्या पोरीनं दाखवून दिलं! सर्व्हरच्या थेट कर्नलमध्ये नियम लिहिलाय तिनं."

"म्हणजे काय, दाजी?"

"म्हणजे यंत्राच्या पार गाभ्यात. माहितीचं प्रत्येक पुडकं तिथं तपासायचं, आणि पुढं सोडायचं नाहीतर टाकून द्यायचं. काल नियम लावला, तेव्हापासून कुणाची आत शिरायची टाप नाही."

"चोरांची?"

"चोरांची नाही, गिऱ्हाइकांची नाही, खुद्द साहेबाचीसुद्धा नाही!"

"भले! पण आज तुमच्यासोबत तीच येणार होती ना?"

"तिलाही आत जाता येईना. नियमात स्वतःला सोडायचं राहिलं. सर्व्हर दुसऱ्या गावात, म्हणून पहाटेच्या बसनं गेलीय."

"आणि या कागदावर नातेवाइकाची सही?"

"तुम्हीच करा."