ताईच्या चिमटीतली माशी

— नाही, नाही, साल मला पक्कं ठाऊक आहे. अंदाजानं बोलायची सवय मला नाही. एकोणीसशे शहाऐंशी, फेब्रुवारी, थंडी नुकतीच सरत आलेली — तेव्हा साहेब, आपल्याच कचेरीनं ताईला विचारलं, या भागात फुलमाश्यांच्या जाती किती, ते पाहाल का? पाहाल का म्हणे! त्या दिवसापासून माझी थोरली बहीण घरची म्हणून राहिलीच नाही. बसावं ना आपण — त्या खुर्चीत नको, बागेतून ती आपल्याला पाहील. म्हणजे... पाहील कसली!

ऐकावं. आवाज बारीक ठेवते. फुलमाशी बिचारी गरीब — अंगावर पट्टे गांधीलमाशीचे, पण नांगीच नाही. वाघाचं कातडं पांघरलेली शेळी. जाळीनं पंख फाटतात, म्हणून ताई तिला पंखांशी चिमटीत धरते आणि काचेच्या नळीत सोडते. सोंग कोणतं नि खरी गांधीलमाशी कोणती, हे हातभरावरून ओळखायची. ओळखायची — असं म्हणाले ना मी? निसटलंच तोंडातून. मग सगळंच ऐका. मोतीबिंदू असता तर काढला असता; हे त्यापलीकडचं आहे. “तुझं अक्षर सुवाच्य,” म्हणून नळ्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहवून घेते, आणि सहज विचारल्यासारखं, “ही कोणती वाटते गं तुला?” मी भिंगातून पाहून सांगते. दोघीही कशा साळसूद!

गेल्या महिन्यात गांधीलमाशीचा डंख झाला. “काटा रुतला,” म्हणाली — आणि ओठ निळे! डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं: पुन्हा झाला, तर दवाखान्याची पायरीही दिसायची नाही. म्हणून हात जोडते — पाहणी संपली म्हणा, वरून हुकूम आला म्हणा, काहीही म्हणा. मी का नाही सांगत? मी? अहो, जन्मभर तिच्याशी भांडत आले, पण हे... हे ऐकून ती खचली, अंथरूण धरलं, तर या घरात मी चुका कुणाच्या काढू?

— आलीच ती. काय, नवीन जात सापडली? दाखव बघू... ताई, थांब. आहेस तिथेच थांब. बोटं सैल करू नकोस. आवळूही नकोस. नाही गं, फुलमाशी नाही ती. कशावरून म्हणजे? मला दिसतंय, ताई. तुला दिसत नाही. हो, ठाऊक आहे मला — वर्ष झालं.

अहो, नळी धरा पुढे. आणि आता कुणी बोलू नका.